सासऱ्यांना दमवण्याची सहल

माझे सासरे सात महिने झोपलेले नाहीत, असं मी म्हटलं की खालच्या मजल्यावरचे औषधवाले मला दुरुस्त करतात. सात महिने कुणी झोपेशिवाय राहू शकत नाही, मधूनमधून डुलक्या लागत असणार, असं त्यांचं म्हणणं. ते शास्त्राला धरून असेलही. पण मध्यरात्री पाणी प्यायला उठावं आणि अंधारात खुर्चीवर ताठ बसलेल्या माणसानं आपल्यालाच "झोप येत नाही का, जावईबापू?" असं विचारावं, अशा वेळी शास्त्र खालच्या मजल्यावर घोरत असतं.

सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं आणि कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासल्या. निवृत्तीनंतर खात्यानं शिक्का परत घेतला, पण नजर त्यांच्याकडेच राहिली. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्याचं माप धरलं. तेव्हापासून दूध पूर्ण येतं आणि दूधवाला माझ्याशी बोलत नाही.

त्यांना झोप लागावी म्हणून आम्ही काय केलं नाही! नऊ वाजता टीव्ही बंद. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून न्हाणीघरात. मी घरात चप्पल सोडून मोजे घालू लागलो. रात्रीच्या जेवणानंतर मी आणि बायको खाणाखुणांनी बोलायचो, त्यामुळे आमच्या संसारातला तो सर्वांत शांततेचा काळ ठरला. त्याचं एकच वाईट होतं. तो शांततेचा काळ सासरे पूर्ण जागेपणी अनुभवत होते.

शेवटी औषधवाल्यांनी सल्ला दिला. हे गृहस्थ शेजाऱ्यांना औषध कधी विकत नाहीत, सल्ला मात्र फुकट देतात, आणि धंद्याच्या दृष्टीनं हे उलटं आहे हे त्यांच्या कुणी लक्षात आणून दिलेलं नाही. ते म्हणाले, "गोळ्या नकोत. दमवा त्यांना. दिवसभर असं फिरवा, की संध्याकाळी आडवे झालेच पाहिजेत."

बायकोनं हा सल्ला उचलून धरला. त्यामागं निव्वळ पितृभक्ती नव्हती. आमच्या गावापासून तीन तासांवर ते मोठं शहर आहे आणि तिथल्या बाजारपेठेतून एकदा पोटभर हिंडायचं, हे तिच्या मनात लग्नाच्या आधीपासून होतं. काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. ती म्हणते, घेतलं की एकच वस्तू आपली होते. न घेता बघितलं तर आख्खा बाजार आपला. तेव्हा ठरलं: सकाळची बस, मनोरा, वस्तुसंग्रहालय, मग बाजारपेठ आणि संध्याकाळी सहाची बस.

प्रश्न माझ्या रजेचा होता. आमचे अधीक्षक रजेच्या अर्जात कारण बघतात. 'सहल' हे कारण त्यांच्या लेखी कारणच नव्हे. 'घरगुती काम' लिहिलं तर ते कुठलं, किती जणांचं आणि रविवारी का होत नाही, असे तीन पोटप्रश्न येतात. मी दोन अर्ज फाडले आणि तिसऱ्यात लिहिलं: 'सासरे अंथरुणाला खिळून असल्यामुळे त्यांच्याजवळ बसणे भाग आहे.' ज्या माणसाला अंथरुणावर आणण्यासाठी मी रजा घेत होतो, त्याच्याबद्दल हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळला. अधीक्षकांनी सही केली आणि काळजी घ्या म्हणाले.

त्या दिवशी पाऊस होता. म्हणजे आदल्या दिवशीपासूनच होता, पण औषधवाल्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं, की पावसात माणूस दुप्पट दमतो. तीन छत्र्या घेऊन आम्ही निघालो. बसमध्ये मला आणि बायकोला छान झोप लागली. सासऱ्यांनी तीन तास मैलाचे दगड आणि बसचं मीटर ताडून पाहिलं. दोन्हींत फरक निघाला, तो त्यांनी उतरताना ड्रायव्हरच्या कानावर घातला.

मनोऱ्याची लिफ्ट पावसामुळे बंद होती. लिफ्ट आतल्या बाजूला असताना तिचा पावसाशी काय संबंध, हे मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लिफ्टचा माणूस बाहेरच्या बाजूला राहतो. मला मनातून बरंच वाटलं. जिना म्हणजे दमवण्याचं साधन, आणि पाटीवर लिहिलं होतं, 'एकूण पायऱ्या ३१२'. शंभराव्या पायरीला बायको बसली. दीडशेला मी भिंत धरली. सासरे पुढे चढत होते आणि त्यांचा मोजण्याचा आवाज वरून येत होता, तोही दूर दूर जात. मी वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते आणि काजव्यांपलीकडे धुकं. शहर खाली कुठेतरी असणार. सासरे कठड्याला टेकून माझी वाट बघत होते. म्हणाले, "तीनशे अकरा भरल्या. तुमच्या किती झाल्या?"

मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिच्यापुढे दुकानदार का कबूल होत असत ते मला कळलं. उतरताना आम्ही दोघांनी मोजल्या. तीनशे अकराच. खाली तक्रारवही मागितली तर पहारेकरी म्हणाला, तक्रारवही वरच्या मजल्यावर असते. सासरे वळले सुद्धा होते. मी त्यांचा दंड धरला आणि गुडघ्याचं निमित्त सांगितलं. निमित्त कसलं, गुडघाच बोलत होता.

वस्तुसंग्रहालयात निराळंच निघालं. ओली छत्री आत न्यायची नाही. ती छत्र्यांच्या खिडकीवर द्यायची आणि बिल्ला घ्यायचा. बिल्ले साठ होते. पाऊस असल्यामुळे त्या दिवशी प्रत्येकाकडे छत्री होती, त्यामुळे बिल्ले संपले होते. खिडकीवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, की पाऊस नसता तर तुम्हाला सहज बिल्ला मिळाला असता. बायकोनं विचारलं, छत्र्या बाहेर पायरीवर ठेवल्या तर? बाई म्हणाल्या, बेवारस वस्तू जप्त होतात. मग एकानं छत्र्या धरून बाहेर थांबावं आणि दोघांनी आत जावं असा तोडगा निघाला, पण थांबायचं कुणी? मी थांबतो म्हणालो, कारण मला बसायचं होतं. सासरे म्हणाले, मी थांबतो. बायको म्हणाली, दमायला बाबांना आणलंय, त्यांना बाहेर बसवून कसं चालेल? हे ती त्यांच्यासमोरच बोलून गेली. सासऱ्यांना सहलीचा हेतू असा कळला. ते छत्री उघडून चालू लागले आणि आम्ही त्यांच्या मागोमाग. चाल मात्र त्यांनी मुद्दाम वाढवली, अशी मला शंका आहे.

बाजारपेठेत आलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि पाऊस छत्रीला जुमानेनासा झाला होता. बायकोनं पहिल्या सात दुकानांच्या काचा जीव लावून बघितल्या. आठवं दुकान फर्निचरचं होतं, तीन मजली. आडवी सर आली आणि आम्ही आत शिरलो. दाराला घंटा होती, ती वाजली. आत गाणी चालू होती, गिऱ्हाइकं गाद्यांवर बसून बोलत होती, कुणीतरी कपाटाची दारं उघडझाप करून बघत होतं. माझ्या मोज्यांतून पाणी निघत होतं, म्हणून मी पायपुसण्यावर जरा रेंगाळलो. बायको पडद्यांकडे गेली. पाचेक मिनिटांनी आमच्या लक्षात आलं, की सासरे नाहीत.

वरचे दोन मजले मी बघितले. स्वच्छतागृह बघितलं. कपाटांतही डोकावलो, कारण त्यांना आतली मापं बघायची सवय. शेवटी रस्त्यावर जाऊन बघावं म्हणून बाहेर आलो, तर दुकानाच्या काचेसमोर पंधरावीस छत्र्या दाटीनं उभ्या होत्या. मीही मान वर केली. काचेच्या आत झोपायची खोली मांडून ठेवली होती. एक पलंग, दोन बाजूंना दोन दिवे, एक आरामखुर्ची. पलंगावर किमतीची चिठ्ठी होती. चिठ्ठीखाली माझे सासरे होते.

पुढे उलगडा झाला तो असा. पलंगाच्या पाटीवर 'लांबी साडेसहा फूट' असं छापलं होतं. त्यांना ते पटलं नाही. पट्टी जवळ नव्हती. पण स्वतःची उंची त्यांना सुतापर्यंत माहीत आहे, तेव्हा बूट काढून, मांडणीभोवतीची दोरी ओलांडून, डोकं एका टोकाला लावून ते आडवे झाले. मोजायला. आणि मोजता मोजता झोपले.

बायको माझ्या आधीच तिथे पोचली होती. पलंगाशी टाय लावलेला विक्रेता आणि मॅनेजरबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. बाईंचं म्हणणं रास्त होतं. गादी बघायला तीन मिनिटं मिळतात, तीही आतल्या गाद्यांवर, काचेतल्या नाही. यांना उठवा.

बायको म्हणाली, "आई गेल्यापासून सात महिन्यांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नाही. मी नाही उठवणार. तुम्हाला उठवायचं असेल तर तुम्ही उठवा."

मॅनेजरबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. तोंड किंचित उघडं होतं, एक हात मोजण्यासाठी डोक्याकडे नेलेला तिथेच राहिला होता. बाईंनी हात पुढे केला, मागे घेतला आणि विक्रेत्याला म्हणाल्या, तू उठव. तो म्हणाला, मी गाद्यांचा नाही, कपाटांचा आहे. मग बाईंनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

मुख्य कार्यालयानं विचारलं, झोपलेले गृहस्थ गिऱ्हाईक आहेत की नाहीत? गिऱ्हाईक असतील तर ही वस्तूची चाचणी. नसतील तर आगंतुक. बाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही नुसतं बघायला आलो होतो, पण एवढ्या खोलात शिरायची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, गिऱ्हाईक. मग चाचणीचा एक छापील फॉर्म आला. चाचणी करणाऱ्याचं नाव, वय, वजन. चाचणीचा उद्देश. अपेक्षित कालावधी. या शेवटच्या रकान्यात मी बराच विचार करून लिहिलं, 'सांगता येत नाही.' फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत अट होती, की चाचणी चालू असेतोवर एका जबाबदार व्यक्तीनं वस्तूपाशी थांबावं.

"तुम्ही बसता ना?" बायको म्हणाली आणि छत्री घेऊन बाजारपेठेत गेली.

अशा रीतीनं मी एका मोठ्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, काचेमागे, आरामखुर्चीत जाऊन बसलो. माणसानं दुकानाच्या काचेत बघावं हे समजू शकतं. दुकानाच्या काचेतून माणसांकडे बघणं हा अनुभव वेगळा आहे. पहिल्यांदा मी पुस्तक वाचायचं ठरवलं, पण तिथलं पुस्तक पुठ्ठ्याचं होतं आणि ते उघडण्याची माझी खटपट बाहेरच्यांनी पाहिली. मग पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न आला. खाली ठेवले तर ओले मोजे दिसतात, वर घेतले तर जास्त दिसतात. एक लहान मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिचकावल्यावर ती दचकून आईला बिलगली. तोवर तिनं मला पुतळा समजलं असावं. एका म्हाताऱ्या जोडप्यात वाद झाला. बाईंनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि बुवांनी मान हलवून माझ्या बाबतीत नकार दिला. कशाबद्दल ते कळलं नाही, पण अपमान व्हायला ते कळावंच लागतं असं नाही.

दीडच्या सुमाराला छत्र्यांच्या गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमचे अधीक्षक. ते त्या दिवशी विभागीय बैठकीसाठी दौऱ्यावर होते. मला पळावंसं वाटलं, पण फॉर्मवरच्या अटीखाली माझी सही होती. अधीक्षकांनी मला बघितलं. मग पलंगाकडे बघितलं. तिथे सासरे अंथरुणाला खिळलेले होते आणि मी त्यांच्याजवळ बसलेलो होतो. माझ्या अर्जातल्या वाक्यातला एकही शब्द कुणाला खोटा ठरवता आला नसता. अधीक्षकांच्या कपाळावर आठी उमटली, तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती बाजूनं आल्या आणि बुटांच्या दुकानाच्या दोन मोठ्या पिशव्या त्यांनी त्यांच्या हातात दिल्या. आता मी पिशव्यांकडे बघितलं. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि ते बैठकीच्या दिशेनं गेले.

बायको तासातासानं येऊन काचेबाहेर उभी राहायची, सासऱ्यांकडे बघायची आणि हातांनी मला काहीतरी सांगायची. सात महिन्यांच्या सरावानं मला सगळं कळत होतं. पुढच्या चौकात पडद्यांचं दुकान आहे, घड्याळांचं आहे, एका दुकानात नुसती बटणंच. मग ती पुन्हा दिसेनाशी व्हायची. तिचा चेहरा इतका खुललेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

इकडे दुकानात गर्दी वाढत होती. कपाटांचा विक्रेता हळूहळू गाद्यांचा झाला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, की हे आजोबा सात महिने झोपले नव्हते, आमच्या गादीला पाठ लागली आणि बघा. माणसं दोरीपाशी येत, माना हलवत, आपापल्या घरातली जागरणं सांगत. घंटा वाजत होती, गाणी चालू होती, वर कुणीतरी टेबल सरकवत होतं. सासरे कुशीवर वळले आणि घोरू लागले.

चारनंतर मॅनेजरबाई वरून खाली आल्या आणि विक्रेत्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ही जाहिरात नाही, एक माणूस किती दिवसांनी झोपलाय, जरा लाज बाळग. मग त्यांनी स्वतः जाऊन गाणी बंद केली. दाराची घंटा फडक्यानं बांधली. वर निरोप पाठवून टेबलं थांबवली आणि गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून खूण केली. लोक चांगले होते. सगळे गप्प झाले. एका गृहस्थानं चालताना बूट वाजतात म्हणून ते काढून हातात घेतले. तीन मजली दुकान आमच्या घरासारखं शांत झालं.

अर्ध्या मिनिटात सासऱ्यांनी डोळे उघडले.

ते एकदम उठून बसले. समोर दोरीपलीकडे तीसचाळीस माणसं स्तब्ध उभी होती, काहींच्या माना खाली. त्यांनी माझा हात धरला.

"जावईबापू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

मी म्हणालो, कुणी गेलं नाही, तुमची झोपमोड होऊ नये म्हणून सगळे गप्प आहेत. त्यांना ते पटायला वेळ लागला. मग म्हणाले, "असं करू नये. हिचा शिवणाचा क्लास घरातच होता. दोन मशीन, सात-आठ बायका, आणि ही सगळ्यांच्या वर बोलायची. मी त्यातच पडायचो. ती गेली त्या दुपारी मी असाच उठलो होतो. मशीन थांबली म्हणून."

मग मॅनेजरबाई दाराशी गेल्या आणि त्यांनी घंटेचं फडकं सोडलं.

मी आरामखुर्चीत बसून तेल घातलेल्या बिजागऱ्यांचा विचार करत होतो. सात महिने आम्ही त्या माणसाला दर रात्री काय ऐकवत होतो, ते मला काचेत बसल्यावर कळलं. बायको परत आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती पडद्यांआड जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळानं नाक पुसत बाहेर आली. सासरे तोवर बूट घालून मॅनेजरबाईंना सांगत होते, की पलंग पाटीपेक्षा एक बोट आखूड आहे, पण गादीबद्दल तक्रार नाही. बाईंनी दोन्ही शेरे फॉर्मवर लिहून घेतले.

सहाच्या बसमध्ये मागचा बाक मिळाला. सासरे खिडकीशी, मी मध्ये, बायको कडेला. बस शहराबाहेर पडली तशी आतली माणसं गप्प होऊ लागली आणि सासरे ताठ बसले. मी बायकोला म्हणालो, "तू काय काय बघितलंस ते सांग. मोठ्यानं."

तिनं एकेचाळीस दुकानं बघितली होती. ती पहिल्यापासून सुरू झाली. बटणांच्या दुकानापर्यंत सासरे ऐकत होते, मध्ये एकदा बटणं वजनावर विकतात की नगावर असं त्यांनी विचारलं. विसाव्या दुकानाला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बायको थांबली की खांद्यावरचं डोकं हलायचं, म्हणून मी "मग?" म्हणायचो. पुढच्या बाकावरच्या माणसानं दोनदा मागे वळून बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं, आवाज जरा कमी करता का, असं विचारलं. बायकोनं आवाज वाढवला.

घर यायला अर्धा तास होता तेव्हा एकेचाळीस दुकानं संपली. तिनं माझ्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि पहिल्या दुकानापासून पुन्हा सुरुवात केली. काचेत पिवळे पडदे होते म्हणाली.

"निळे," मी म्हणालो. "मघाशी तू निळे म्हणाली होतीस."

"तेव्हा तुमचं लक्ष तरी होतं का?" ती म्हणाली, आणि आम्ही घर येईपर्यंत त्या पडद्यांवरून भांडलो.